‘माया’ या शब्दाचा मराठी संसार

१

‘म्हातारीची त्या पोरावर फार माया.’ कोणत्याही मराठी कथेत सहज येऊन जावे असे हे वाक्य आहे. मराठी वाचक त्यावर क्षणभरही थांबणार नाही. परंतु बेंगळुरूत बसून हेच वाक्य कन्नडमध्ये नेऊ पाहणाऱ्या अनुवादकाची लेखणी शेवटच्या शब्दापाशी अडते. हा शब्द कन्नडमध्ये नाही म्हणून ती अडते असे नव्हे. तो आहे, आणि म्हणूनच ती अडते. कन्नडमध्ये ‘माये’ म्हणजे भ्रम, भुरळ, जादू. ‘मायवागु’ म्हणजे दिसेनासे होणे. शब्द आहे तसा ठेवला, तर म्हातारीने त्या पोरावर काही चेटूक केले असावे असे वाचकाला वाटेल. अनुवादक मग ‘ममते’, ‘अक्करे’ किंवा ‘वात्सल्य’ यांपैकी एक शब्द निवडतो. वाक्य निभावून जाते. परंतु ज्या शब्दाला आपण बाजूस सारले त्यात नेमके काय होते, हा प्रश्न तसाच राहतो. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

या प्रश्नाला बेंगळुरूइतके योग्य स्थान दुसरे क्वचितच सापडेल. १६३८ च्या सुमारास हे नगर शहाजीराजांच्या जहागिरीत आले, आणि तेव्हापासून मराठी ही या गावची एक घरगुती भाषा झाली. शहाजींच्या आश्रयास असलेल्या जयराम पिंड्ये यांच्या ‘राधामाधवविलासचंपू’त संस्कृताच्या जोडीने अनेक देशी भाषांतील रचना आहेत, वि. का. राजवाडे यांनी १९२२ मध्ये तो ग्रंथ प्रसिद्ध केला. अनेक भाषा एका दरबारात बसू शकतात ही गोष्ट या नगराला नवी नाही. मात्र एकाच दरबारात बसलेल्या दोन भाषांनी एकच संस्कृत शब्द घेऊन त्याला परस्परविरुद्ध शील द्यावे, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

२

मराठीत ‘माया’ या शब्दाचे चार मुख्य अर्थ प्रचारात आहेत. पहिला तत्त्वज्ञानातला: जे नाही ते असल्याचे भासविणारी शक्ती. ‘मायाजाल’, ‘मायापाश’, ‘मायावी’ हे शब्द याच अर्थाचे. दुसरा घरातला: लहानावरचा, दुबळ्यावरचा, आपल्यावर विसंबलेल्या जिवावरचा जिव्हाळा. ‘मायेचा हात’, ‘मायेची ऊब’, ‘मायेचे माणूस’ हे प्रयोग त्याचे. तिसरा व्यवहारातला: धन, तेही बहुधा गाठीला मारलेले. ‘त्याने चांगली माया जमवली आहे’ असे आपण म्हणतो, आणि म्हणताना किंचित डोळा मिचकावतो. चौथा शिंप्याच्या दुकानातला: कापड बेतताना शिवणीच्या आत राखून ठेवलेला जादा भाग. ‘थोडी माया सोडा, पोर वाढत्या अंगाचे आहे’ असे आई शिंप्याला सांगते.

कोशकार हे अर्थ १, २, ३, ४ असे आकडे घालून एकाखाली एक मांडतो. त्याचे कर्तव्य तेवढेच आहे. परंतु आकडे घातल्यामुळे हे चार निरनिराळे शब्द असून केवळ योगायोगाने त्यांचा उच्चार एक झाला आहे, अशी समजूत होण्याचा संभव असतो. माझ्या मते ती चुकीची आहे. बोलणाऱ्याच्या मनात हे अर्थ एकमेकांना स्पर्श करून असतात, आणि शब्दाचे सामर्थ्य त्या स्पर्शातच आहे. ‘आंधळी माया’, ‘वेडी माया’ हे आपले नित्याचे प्रयोग पाहावेत. येथे माया म्हणजे जिव्हाळा, यात शंका नाही. परंतु तिला ‘आंधळी’ आणि ‘वेडी’ ही विशेषणे इतक्या सहजतेने का चिकटतात? ‘आंधळे वात्सल्य’ असे आपण क्वचितच म्हणतो. जिव्हाळ्याच्या अर्थात भ्रमाचा अर्थ मुरलेला आहे, म्हणूनच ही विशेषणे या शब्दाला परकी वाटत नाहीत.

३

यावर एक आक्षेप संभवतो. जिव्हाळ्याचा अर्थ संस्कृत ‘माया’ पासून आलेलाच नाही. तो ‘माय’ म्हणजे आई या मराठी शब्दाच्या ओढीने आला आहे. ‘माया’ म्हणजे ‘मायपणा’. तेव्हा हे दोन वेगळे शब्द आहेत, असे कोणी म्हणेल. हा आक्षेप वरकरणी समाधानकारक आहे. मराठी मनात ‘माय’ आणि ‘माया’ यांची सांगड पडलेली आहे हे नाकारता येणार नाही.

परंतु आपण मराठीच्या बाहेर पाहिले की हे स्पष्टीकरण अपुरे पडते. बंगालीत ‘माया’ म्हणजे भ्रम आणि जिव्हाळा दोन्ही. ‘माया-ममता’ ही जोडी तेथेही आहे. बंगालीत आईला ‘मा’ म्हणतात. नेपाळीत तर ‘माया’ हा प्रेमाचा रूढ शब्द आहे. प्रियकरही प्रेयसीविषयी तोच वापरतो, आणि नेपाळीत आईला ‘आमा’ म्हणतात. ‘माय’ या उच्चाराचे पाठबळ जेथे नाही, तेथेही माया प्रेमाकडे वळली आहे. तेव्हा हे वळण त्या शब्दाच्या अंगचेच मानले पाहिजे. मराठीत ‘माय’ने त्या वळणाला ऊब दिली, आणि त्याची दिशा प्रियकर-प्रेयसीकडून काढून आई-मुलाकडे लावली, एवढेच म्हणता येईल.

केवळ उच्चारसाम्यावर व्युत्पत्ती उभारू लागलो तर कन्नडमध्ये याहूनही आकर्षक साम्य हाती लागते. तेथे ‘मायु’ असे एक क्रियापद आहे. जखम भरून येणे हा त्याचा अर्थ. जखम भरून आणणारी ती माया, असे एखादा कवी म्हणू शकेल, आणि ते ऐकायला गोडही वाटेल. अभ्यासकाने मात्र तो मोह आवरावयास हवा.

४

मग भ्रमाचा वाचक असलेला शब्द प्रेमाचा वाचक कसा झाला? या प्रश्नाचे उत्तर एकट्या ‘माया’ शब्दात शोधून चालणार नाही. त्याचे सोबती पाहिले पाहिजेत.

मराठी पत्राच्या शेवटी आपण पिढ्यानुपिढ्या ‘लोभ असावा’ असे लिहीत आलो आहो. लोभ हा षड्रिपूंपैकी एक. ज्याला शास्त्राने शत्रू म्हटले, त्याचीच आपण वडिलधाऱ्यांकडे नम्रपणे याचना करतो. कोकणीत प्रेमाला ‘मोग’ म्हणतात, आणि तो शब्द ‘मोह’ पासून आला असे मानले जाते. मोह हाही रिपूच. ‘ममता’ म्हणजे ‘माझेपणा’. वैराग्याच्या भाषेत हा बंधाचा मूळ दोष; घरच्या भाषेत तो आईचा गुण. ‘संसार’ म्हणजे जन्ममरणाचे चक्र. मराठीत आणि कन्नडमध्येही तो बायकोमुलांचा, चुलीभांड्यांचा झाला. ‘प्रपंच’ म्हणजे वेदान्त्याचा दृश्य पसारा. कन्नडमध्ये तो ‘जग’ या अर्थाने राहिला, मराठीत घरखर्चाच्या वहीत जाऊन बसला.

हे सारे शब्द एकाच कोठडीतले आहेत. संन्यासाने ते आरोपी म्हणून उभे केले. त्यांच्यावरचा आरोप एकच: हे माणसाला बांधतात. गृहस्थाने तो आरोप नाकारला नाही. ‘होय, बांधतात,’ असे म्हणून त्याने ते शब्द घरी नेले. आपल्या देशी भाषांतील जिव्हाळ्याचा कितीतरी शब्दसंग्रह अशा सुटून आलेल्या शब्दांचा आहे. तो प्रेमाच्या स्तुतीतून निर्माण झाला नाही, प्रेमाच्या निंदेतून निर्माण झाला. निंदकाने इतक्या बारकाईने बंधनांची नावे ठेवली नसती, तर ज्याला बांधून घ्यावयाचे होते त्याला ती मिळालीच नसती.

कोणत्या भाषेने कोणता शब्द सोडविला, यात मात्र भेद पडतो. कन्नडने ‘ममते’ सोडविली. ‘माये’ सोडविली नाही. यामागे त्या साहित्याची परंपरा असणे शक्य आहे. पंधराव्या शतकातील चामरसाच्या ‘प्रभुलिंगलीले’त माया ही राजकन्येचे रूप घेते, ती ममकार राजाची कन्या आहे आणि अल्लमप्रभूला मोहात पाडण्यासाठी ती अवतरलेली आहे. अल्लम तिच्या हाती लागत नाही. ज्या वाङ्मयात माया ही अशी मोहिनी होऊन वावरली, तेथे तिला आजीच्या पदरात जागा मिळणे अवघड होते. तिच्या पित्याचे नाव मात्र ‘ममता’ या रूपाने घरात आले, ही गमतीची गोष्ट आहे. कन्येला दारात थांबविले आणि पित्याला ओसरीवर बसविले, असेच ते झाले.

मराठीतही मायेची निंदा काही कमी झालेली नाही. ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायात गीतेच्या ‘दुस्तर’ मायेवर नदीचे विस्तृत रूपक आहे. विद्येच्या, यज्ञाच्या बळावर तिच्यात उतरणारे बुडतात. परंतु त्या रूपकाचा शेवट लक्षात घेण्यासारखा आहे. जे सर्वभावे भजतात त्यांच्यासाठी ते मायाजळ ऐलतीरावरच सरते, असे ज्ञानदेव म्हणतात. पैलतीर गाठण्याची गरजच उरत नाही. त्याच ग्रंथाच्या बाराव्या अध्यायाच्या आरंभी गुरुकृपेला आई म्हणून हाक घातलेली आहे. आणि ‘अमृतानुभवा’त तर अज्ञानाचे खंडन करून हे विश्व चैतन्याचाच विलास आहे असे प्रतिपादिले आहे. ज्या परंपरेत देवाला ‘विठाई’ म्हणतात आणि या ग्रंथांच्या कर्त्याला ‘माऊली’, तेथे ईश्वराची शक्ती असलेली माया आणि आईचे हृदय असलेली माया यांतले अंतर कमी झाले असल्यास नवल नाही. हा कार्यकारणभाव सिद्ध करता येईल असे मी म्हणत नाही. एवढेच म्हणतो की, त्या शब्दाला घरात येण्यास मराठीत अनुकूल वारे होते.

५

आता प्रत्यक्ष प्रयोगाकडे वळू. शब्दाचे शील व्याख्येपेक्षा व्याकरणात अधिक स्पष्ट दिसते.

मैत्री कोणाशी असते. आदर कोणाबद्दल असतो. लळा कोणाचा लागतो. माया कोणावर असते. हे ‘वर’ अर्थपूर्ण आहे. माया वरून खाली येते, पांघरुणासारखी. म्हणून आजीची नातवावर माया असते. नातवाला आजीचा लळा असतो, ओढ असते. नातवाची आजीवर माया आहे असे आपण तेव्हाच म्हणतो, जेव्हा तो मोठा होऊन तिची शुश्रूषा करू लागतो, म्हणजे जेव्हा वरखालीचा क्रम उलटलेला असतो. पशूंवर माया असते. नवविवाहितांत प्रेम असते; माया हा शब्द त्यांच्या संसारात उशिरा येतो, एकमेकांच्या दुखण्याखुपण्यांतून.

क्रियापदे पाहावीत. माया ‘करतात’, आणि माया ‘लावतात’. लावणे म्हणजे रोप लावणे, औषध लावणे, काजळ लावणे. ज्याला माया लावली त्याच्या अंगाला ती लागते. नंतर पुसून टाकू म्हटले तरी सहज पुसली जात नाही. ‘माया लावून गेला’ असे मृताविषयी किंवा दूर गेलेल्याविषयी म्हणतात, तेव्हा त्या वाक्यात कृतज्ञता जितकी असते तितकीच तक्रारही असते. ‘प्रेम करून गेला’ या वाक्यात ती तक्रार नाही. माया ‘पातळ होते’, ‘आटते’. तिला ओलावा असतो, पाझर असतो. म्हणजे ती संपू शकते हे भाषेने गृहीत धरले आहे.

हा संपण्याचा संभव ‘वात्सल्य’ या शब्दात नाही. वात्सल्य हा भक्तिशास्त्राने रसाच्या पदवीला पोहोचविलेला शब्द आहे. तो निर्दोष आहे आणि म्हणून काहीसा निर्जीवही. आपल्या समीक्षेची एक खोड अशी की, कथेतील म्हातारीच्या मायेविषयी लिहितानाही ती ‘वात्सल्यभावनेचा उत्कट आविष्कार’ असे लिहिते. लेखकाने जो शब्द वापरला त्यापेक्षा अधिक प्रतिष्ठित शब्द वापरल्याने समीक्षा अधिक प्रतिष्ठित होते, असा हा समज आहे. वास्तविक त्यामुळे कथेतील म्हातारी हरवते. तिच्या मायेत पक्षपात असतो, हट्ट असतो, सुनेविषयीचा मत्सर असतो, आणि आपण करतो आहोत ते शहाणपणाचे नाही याची अर्धवट जाणीवही असते. वात्सल्यात हे काहीच मावत नाही. ‘श्यामची आई’ (१९३५) सारख्या पुस्तकाकडे केवळ मातृप्रेमाचे स्तोत्र म्हणून पाहण्याची जी सवय लागली, तिच्या मुळाशीही हीच शब्दांची गल्लत आहे. त्या आईचा कठोरपणा ‘वात्सल्या’त बसत नाही म्हणून तो अपवाद वाटतो, ‘माये’त तो सहज बसतो.

६

शिंप्याच्या मायेकडे पुन्हा एकदा वळले पाहिजे. नामदेवांची परंपरेने सांगितलेली जात शिंप्याची. आणि बेंगळुरूतही शिवणकाम व रंगकाम करणारा भावसार समाज घरात मराठी बोलत आलेला आहे. तेव्हा हा अर्थ आपल्या विषयाला दूरचा नाही.

शिवणीतली माया बाहेरून दिसत नाही. ती आजच्या मापाची नसते. उद्याच्या मापाची असते. मूल वाढेल, अंग भरेल, तेव्हा शिवण उसवून ती बाहेर काढावयाची. माया मुळीच न ठेवता बेतलेला कपडा आज अंगाला अगदी नेटका बसतो आणि पुढच्या वर्षी टाकावा लागतो. जिव्हाळ्याची माया आणि ही माया यांचा ऐतिहासिक संबंध काय, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी बोलणाऱ्याच्या मनात तो संबंध आहेच. गाठीला मारलेले धन तेच करते: अडीअडचणीसाठी आत राखलेले. तीन व्यावहारिक अर्थांचा समान धागा असा की, माया म्हणजे राखून ठेवलेले जादा. हिशेबाने जेवढे पुरले असते त्याहून अधिक. आणि तत्त्वज्ञाचा चौथा अर्थही याला अगदीच परका नाही. कारण सत्य एकच असताना त्याहून जे अधिक दिसते, त्यालाच तर तो माया म्हणतो.

७

या विवेचनाची खरी कसोटी अनुवादात लागते. कर्नाटकात राहून मराठीत लिहिणाऱ्यांची आणि मराठी घरात वाढून कन्नडमध्ये लिहिणाऱ्यांची परंपरा मोठी आहे. धारवाडच्या द. रा. बेंद्रे यांची घरची भाषा मराठी. त्यांना ‘नाकु तंती’ या कन्नड काव्यसंग्रहासाठी १९७३ चे ज्ञानपीठ पारितोषिक मिळाले. त्याच धारवाडात इंग्रजीचे अध्यापन करणारे जी. ए. कुलकर्णी यांचा ‘काजळमाया’ हा कथासंग्रह १९७२ चा; त्याला १९७३ चे साहित्य अकादमी पारितोषिक मिळाले, आणि प्रकाशनाच्या तारखेविषयी वाद निघाल्यावर जी.एं.नी ते परत केले.

‘काजळमाया’ हे नाव कन्नडमध्ये कसे न्यावे? भ्रमाचा अर्थ घेतला तर काळोखी भूल, काजळासारखे पसरणारे विभ्रम असे काही हाती येते, जी.एं.च्या नियतिग्रस्त सृष्टीला ते शोभतेही. परंतु मराठी वाचकाच्या कानात त्या शब्दाचा दुसरा सूर वाजल्यावाचून राहत नाही. काजळ आई लावते. दृष्ट लागू नये म्हणून गालावर तीट लावते. जो काळा ठिपका विद्रूप करतो तोच राखणही करतो. माझ्या वाचनाप्रमाणे त्या शीर्षकात हे दोन्ही अर्थ एकाच वेळी उभे आहेत, आणि एकाची निवड करणे म्हणजे शीर्षक अर्धे करणे होय. येथे अनुवादकाने ‘माये’ हाच शब्द ठेवावा. कन्नड वाचकाला जिव्हाळ्याचा सूर प्रथम ऐकू येणार नाही, परंतु ‘काजळ’ त्याच्याही घरात आहे, आणि ते शब्दाला मदत करील.

आरंभीच्या वाक्यातील म्हातारीचे मात्र वेगळे आहे. तिच्यासाठी ‘अक्करे’ हा शब्द प्रथम सुचतो, कारण तो मृदू आहे. या शब्दाचे गोत बेंगळुरूच्या रस्त्यावर रोज भेटते: तेलुगूत ‘अक्कर’ म्हणजे गरज, तमिळमध्ये ‘अक्करै’ म्हणजे आस्था, काळजी, कन्नडमध्ये तो जिव्हाळा झाला. गरजेपासून जिव्हाळ्यापर्यंतचा हा प्रवास सुंदर आहे, पण तो मायेचा प्रवास नाही. ‘अक्करे’वर कधी कोणी आरोप ठेवलेला नाही. आपल्या ‘आपुलकी’ला किंवा ‘आस्थे’ला तो शब्द योग्य. मायेला कन्नडमध्ये खरा जोडीदार ‘ममते’ हाच आहे. तो अधिक कोमल आहे म्हणून नव्हे, तर तोही त्याच कोठडीतून सुटून आला आहे म्हणून. ‘माझे’ म्हणण्याचा दोष पत्करून जो जिव्हाळा उभा राहतो, तोच ‘भ्रम’ म्हणवून घेण्याचा दोष पत्करलेल्या जिव्हाळ्याशेजारी बसू शकतो. दोन शब्दांची समानता त्यांच्या अर्थापुरती पाहून चालत नाही. त्यांनी सोसलेल्या आरोपांचीही समानता पाहावी लागते.

बेंगळुरूच्या मराठी घरांतून आज ‘माया’ हा शब्द कमी ऐकू येतो आणि ‘प्रेम’ अधिक, असे मला वाटते; मुंबई-पुण्यातही फार वेगळे नसावे. ‘प्रेम’ हा चांगलाच शब्द आहे. परंतु तो कोणावरही, कशावरही, वरून, खालून, सर्व दिशांनी चालतो. मापाला नेमका बसतो. त्याच्या शिवणीत जादा कापड नाही. ज्या भाषेने ‘हा भ्रम आहे’ हे ठाऊक असूनही आजीच्या हाताला तेच नाव दिले, तिने एक अवघड गोष्ट एका शब्दात बोलून ठेवली होती: जे टिकणार नाही ते जाणूनबुजून जवळ करावयाचे. तो शब्द गेला तर मराठीत जिव्हाळा उरेल. हे जाणणे मात्र आपल्याला प्रत्येक वेळी नव्याने, अनेक वाक्यांत सांगावे लागेल.